कॅटेकॉलची बायोइंक नोझलमध्ये तुंबते, तपकिरी पडते आणि ऊतीला मात्र चिकटत नाही

बायोइंक म्हणजे जिवंत पेशी मिसळलेली, प्रिंटरने थराथराने छापायची जेलसारखी शाई. ती ओल्या ऊतीला चिकटावी म्हणून तिच्यात कॅटेकॉल हा रासायनिक गट घालतात. समस्या अशी. सकाळी शाई ताजी असते, फिकट, जवळजवळ पाण्यासारखी. पहिली जाळी सुरेख छापली जाते. दुसऱ्या जाळीला दाब जरा वाढवावा लागतो. तिसरीच्या वेळी सलग रेघ येत नाही, शाई गाठीगाठींनी बाहेर पडते, नोझलच्या टोकाशी तपकिरी छटा दिसते आणि मग एकदम तुंबते. सुई बदलली की थोडा वेळ चालतं, पुन्हा तेच. आणि एवढं करून जी जाळी छापून झाली, ती ओल्या ऊतीवर ठेवली तर चिमट्याने अलगद सुटून येते. ज्या चिकटपणासाठी सगळा खटाटोप, तो सिरिंजमध्ये दिसतो, सुईत दिसतो, ऊतीवर मात्र गायब.

या दुखण्यात माझे कित्येक महिने गेले. आधी नोझलला दोष दिला, मग दाबाला, मग पेशींच्या गुठळ्यांना. चिकटत नाही म्हणजे डोपामिन (कॅटेकॉल असलेला रेणू) कमी पडतंय असं वाटून पॉलिमरवर (शाईतल्या लांब साखळ्यांच्या रेणूंवर) त्याची जोडणी वाढवली, तर शाई आणखी लवकर तुंबायला लागली आणि चिकटपणा होता तिथेच राहिला. तुंबणं, रंग बदलणं आणि न चिकटणं ही तीन वेगळी दुखणी समजून मी तीन वेगळी औषधं देत होते. तिन्हींचं मूळ एकच आहे: कॅटेकॉल ऊतीपर्यंत पोचण्याआधीच वाटेत खर्च होतो. म्हणून किती कॅटेकॉल घातला यापेक्षा तो केव्हा जागा होतो, याकडे आधी बघा.

शिंपला हे कसं साधतो

ही शाई ज्याच्यावरून सुचली तो मसल जातीचा शिंपला लाटांच्या माऱ्यात, खाऱ्या पाण्यात, ओल्या खडकाला धाग्यांनी घट्ट धरून राहतो. त्याच्या चिकट प्रथिनांत डोपा नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, हे जे. हर्बर्ट वेट आणि मार्विन टॅन्झर यांनी १९८१ साली दाखवलं. डोपामध्ये कॅटेकॉल असतो, म्हणजे बेंझीनच्या कड्यावर शेजारी शेजारी बसलेले दोन हायड्रॉक्सिल गट. खडकाला थेट भिडणाऱ्या प्रथिनांत डोपाचं प्रमाण सगळ्यात जास्त. इथपर्यंतची गोष्ट आपण सगळेच उचलतो. पॉलिमरला डोपामिन जोडलं की झालं, असं वाटतं.

पण शिंपल्याचा खरा हिशोब पुढे आहे. तो आपला पाय खडकावर दाबून एक बंद पोकळी करतो. त्या पोकळीतलं द्रव आम्लधर्मी असतं, समुद्राच्या ८ च्या आसपासच्या पीएचपेक्षा बरंच खाली. त्यात तो चिकट प्रथिनं सोडतो आणि सोबत गंधकयुक्त थायॉल गट असलेलं एक प्रथिन सोडतो. ते प्रथिन डोपाचं ऑक्सिडेशन रोखतं आणि झालंच असेल तर डोपा पुन्हा मूळ रूपात आणतं. डोपाने खडक धरला, की मग पाय उचलला जातो आणि समुद्राचं पाणी आत येतं. त्यानंतर बाकीचा थर कडक होतो. आधी पकड, मग घट्टपणा.

आपण नेमकं उलटं करतो. पीएच ७.४ चं माध्यम, त्यात पेशी, हवेने भरलेली सिरिंज, पोलादी सुई आणि वर गरम कार्ट्रिज. म्हणजे समुद्राचं पाणी आधीच आत घेतलं आणि मग खडक शोधायला निघालो.

रसायनशास्त्र थोडक्यात सांगते, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावर उभ्या आहेत. मूळ रूपातला कॅटेकॉल हायड्रोजन बंधांनी आणि धातूच्या आयनांना धरून पृष्ठभागाला चिकटतो. ऑक्सिजन लागला की त्याचा क्विनोन होतो. क्विनोन अमाइन आणि थायॉल गटांशी पक्का सहसंयुज बंध करतो. ऊतीतल्या प्रथिनांचे अमाइन सापडले तर उत्तम, आपल्याला तेच हवं. पण सिरिंजमध्ये त्याला आधी सापडतात जिलेटिनमधल्या लायसिनचे अमाइन, किंवा सीरममधली प्रथिनं, किंवा शेजारचाच दुसरा कॅटेकॉल. एकदा तिथे बांधला गेला की तो कॅटेकॉल ऊतीच्या कामाचा राहत नाही.

आता पीएचचं गणित बघा. कॅटेकॉलचा पहिला पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन गमावतात तो आकडा, साधारण ९.३. हवेतल्या ऑक्सिजनशी भराभर वागतं ते त्याचं प्रोटॉन गमावलेलं रूप. पीएच ७.४ ला ते जेमतेम १ टक्का असतं, ८.४ ला १० टक्क्यांच्या वर. पेशींचं नेहमीचं बायकार्बोनेट माध्यम ७.४ ला राहतं ते इनक्युबेटरमधल्या ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर. बाटली टेबलावर उघडी राहिली की वायू उडून जातो आणि पीएच वर सरकतो. लाल माध्यम गुलाबी-जांभळं पडताना आपण रोज बघतो आणि दुर्लक्ष करतो. साध्या पेशींना तेवढ्याने फार बिघडत नाही, पण या शाईसाठी ती छटा म्हणजे घड्याळ दहापट वेगाने धावायला लागल्याची खूण आहे.

रंग कुठून सुरू होतो ते आधी बघा

काहीही बदलण्याआधी एक सिरिंज पेशींशिवाय भरा, पांढऱ्या कागदासमोर उभी ठेवा आणि दर पाच मिनिटांनी फोटो काढा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी तपासणी हीच.

वरून, म्हणजे दट्ट्याच्या किंवा हवेच्या बाजूने रंग खाली उतरत असेल तर गुन्हेगार ऑक्सिजन. दाबावर चालणाऱ्या बहुतेक प्रिंटरमध्ये कॉम्प्रेस्ड हवा थेट शाईच्या डोक्यावर बसते. दाब वाढवला की ऑक्सिजनही वाढतो. तुंबतंय म्हणून दाब वाढवणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

रंग सगळीकडे एकसारखा आणि विरघळवल्या क्षणापासून असेल, तर पावडरच खराब आहे. जोडणी करताना किंवा साठवणीत तिचं ऑक्सिडेशन झालेलं आहे. पुढचं काही करू नका, पावडर तपासा.

रंग फक्त पेशींचं मिश्रण घातल्यावर येत असेल तर माध्यमाचा पीएच आणि त्यातलं सीरम बघा. डीएमईएम या पेशींच्या नेहमीच्या माध्यमात अगदी थोडं फेरिक नायट्रेटही असतं. प्रमाण क्षुल्लक आहे, पण लोहाचा अंश ऑक्सिडेशनला हात देतो, हे लक्षात असू द्या.

आणि रंग सुईपाशी सुरू होत असेल तर धातू. हे मला फार उशिरा कळलं. तुंबलेली पोलादी सुई काढून मी भिंगाखाली आडवी धरली. मधली शाई फिकटच होती, पण धातूला लागून केसाएवढा जांभळट-करडा पट्टा होता, गोल, बांगडीसारखा. तपकिरी नव्हता, आणि त्यातच उत्तर होतं. कॅटेकॉल फेरिक लोहाला धरतो तेव्हा रंग पीएचप्रमाणे बदलतो: आम्लात एका लोहाला एक कॅटेकॉल, हिरवट, उदासीन पीएचच्या आसपास दोन, निळसर-जांभळा, बऱ्याच अल्कधर्मी द्रावणात तीन, लाल. म्हणजे माझ्या सुईत शाई लोहाशी बांधली जात होती आणि तिथे जेलची कडी तयार होऊन भोक बारीक होत होतं. पॉलिप्रोपिलीनचं निमुळतं टोक लावलं आणि तो पट्टा पुन्हा दिसला नाही. निमुळत्या टोकाला दाबही कमी लागतो, पेशींवरचा ताण उतरतो, हा वरचा फायदा.

काळे बारीक कण वेगळे तरंगताना दिसले तर ते बहुधा न जोडलेल्या मोकळ्या डोपामिनचे. मोकळं डोपामिन थोड्या अल्कधर्मी द्रावणात आपसात जुळून पॉलिडोपामिन बनवतं. पृष्ठभागांवर लेप चढवायला तेच मुद्दाम पीएच ८.५ च्या ट्रिस द्रावणात करतात. म्हणजे तुमच्या डायलिसिसमध्ये (पडद्यातून छोटे रेणू धुऊन काढण्यात) कसर राहिली आहे.

तुंबलेली गाठ कशाची आहे

गाठ दिसली की सुई फेकून देऊ नका. ती गाठ काढून तिचे तीन तुकडे करा.

पहिला ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवा. विरघळला तर ते जिलेटिनचं साधं थिजणं आहे, रसायनाचा दोष नाही. नोझलचं टोक कार्ट्रिजपेक्षा थंड पडतंय. कार्ट्रिजला हीटर असतो आणि टोक उघडं राहतं, म्हणून हे फार वेळा होतं. दुसरा तुकडा धातूचे आयन पकडणाऱ्या ईडीटीएच्या द्रावणात टाका. विरघळला तर धातूचा बंध: अल्जिनेट (समुद्री शेवाळातला पॉलिमर) असेल तर कॅल्शियम, नाहीतर लोह. माध्यमातही १.८ मिलिमोलर कॅल्शियम असतं, अल्जिनेटमध्ये ते गाठी करायला पुरतं. लोह की कॅल्शियम हे रंगावरूनच कळतं, कॅल्शियमची गाठ रंगहीन. तिसरा तुकडा तसाच कोमट ईडीटीएमध्ये रात्रभर ठेवा. तरीही जसाच्या तसा राहिला तर ते सहसंयुज बंध आहेत, म्हणजे क्विनोनने शाई आतूनच शिवून टाकली. या तिसऱ्या प्रकाराला सुई बदलून काहीच उपयोग नाही, कारण सिरिंजमधली उरलेली शाईही त्याच वाटेवर असते.

पावडर

जोडणी नेहमीची, ईडीसी आणि एनएचएस ही जोडणीची रसायनं वापरून, हायल्युरोनिक आम्ल, अल्जिनेट किंवा जिलेटिनवर. पीएच ५ च्या आसपास ठेवा आणि पूर्ण वेळ नायट्रोजन सोडत राहा. चूक बहुतेक वेळा जोडणीनंतर होते: डायलिसिस साध्या पाण्यात लावून शनिवार-रविवार विसरून जाणं. पाण्यात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते आम्लधर्मी ठेवा, पहिले एक-दोन बदल मीठ घालून करा, भांडं झाकून अंधारात ठेवा. फ्रीझ-ड्राय झालेली पावडर कापसासारखी पांढरी किंवा अगदी किंचित पिवळसर असायला हवी. गुलाबी किंवा बदामी आली तर ती पावडर बायोइंकसाठी वापरू नका, कितीही जीव तुटला तरी. वजा २० अंशांवर, ओलावा शोषणाऱ्या पिशवीसह, छोट्या छोट्या कुप्यांत ठेवा. एकाच मोठ्या बाटलीतून रोज थोडी काढली की दर वेळी थंड पावडरवर दव धरतं.

दर बॅचचा यूव्ही आलेख काढा, किंचित आम्लधर्मी पाण्यात. २८० नॅनोमीटरला स्वच्छ शिखर हवं. ३०० च्या पुढे शेपूट वर उचललेली असेल किंवा ४०० च्या आसपास उंचवटा असेल तर ऑक्सिडेशन झालंय. एक सावधगिरी: ऑक्सिडेशन झालेली उत्पादनंही २८० ला शोषण करतात, त्यामुळे फक्त त्या शिखरावरून जोडणीचा आकडा काढला तर तो फुगलेला येतो. शाबूत कॅटेकॉल मोजायचा तर आर्नोची जुनी पद्धत बरी. नायट्राइट आणि मॉलिब्डेटने पिवळा, मग सोडियम हायड्रॉक्साइडने लाल. खर्च झालेला कॅटेकॉल ती मोजत नाही आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. मी ताज्या शाईचा एक नमुना आणि तासाभराने सिरिंजमधून काढलेला एक नमुना असे दोन्ही मोजते. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेत गेलेला खर्च.

छापण्याचा दिवस

शाई आम्लधर्मी ठेवायची आणि पेशी आम्लात टाकायच्या नाहीत, हा पेच दोन सिरिंजांनी सुटतो. एका सिरिंजमध्ये पॉलिमर पीएच ५.५ ते ६ च्या आसपास, नायट्रोजनने ऑक्सिजन काढलेल्या द्रावणात. दुसरीत पेशी, सीरमविना, हेपीस (पीएच स्थिर ठेवणारं बफर) घातलेल्या, पीएच ७.२ च्या द्रावणात. लुअर जोडाने (सिरिंजच्या तोंडाला तोंड जोडणाऱ्या तुकड्याने) दोन्ही जोडून अगदी छापण्याआधी इकडून तिकडे हळू ढकलत मिसळा. हेपीसची ताकद इतकी हवी की मिसळल्यावर पीएच ७ च्या जवळ येईल, आधी पेशींविना मिसळून कागदावर तपासून घ्या. एका वेळी एकाच जाळीला पुरेल एवढंच मिसळा. दिवसभराची शाई एकदम बनवायची सवय इथे मुळावर येते.

प्रिंटरला कॉम्प्रेस्ड हवेऐवजी नायट्रोजनची नळी जोडा. माझ्या मते या एका बदलाइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. मात्र पेशी घातल्यावर नायट्रोजनखाली शाई तासन्‌तास ठेवू नका, पेशींना ऑक्सिजन लागतो. अल्जिनेट किंवा हायल्युरोनिक आम्लाची शाई थंड ठेवता येते, त्याने ऑक्सिडेशन मंदावतं. जिलेटिनला ती सोय नाही, म्हणून जिलेटिनच्या शाईत पीएच आणि नायट्रोजन यांवरच भिस्त.

व्हिटॅमिन सी घालायचा मोह सगळ्यांना होतो. थोडं घातलं तर रंग थांबतो खरा. पण लोहाच्या अंशासोबत ते स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि उरलेलं व्हिटॅमिन सी नंतर ऊतीवर हवं असलेलं ऑक्सिडेशनही अडवतं. रंगाची समस्या गेली आणि चिकटपणाची वाढली, असं होतं. साठवणीच्या द्रावणात चालेल, छापायच्या शाईत नको.

घट्टपणाची किल्ली शेवटी फिरवायची. सोडियम पीरियोडेट (कॅटेकॉलचं ऑक्सिडेशन घडवणारं रसायन) वापरत असाल तर ते शाईत मिसळू नका, जाळी ऊतीवर बसल्यावर फवाऱ्याने द्या किंवा समाक्ष (नळीत नळी असलेल्या) नोझलच्या बाहेरच्या नळीतून. दोन कॅटेकॉलमागे एक पीरियोडेट हे प्रमाण सुरुवातीला ठीक. जास्त घातलं तर ते अल्जिनेट आणि हायल्युरोनिक आम्लाच्या साखळ्याच कापतं. जेल काही मिनिटांत कडक दिसतं आणि दोन दिवसांत विरघळायला लागतं. पेशी असतील तर टायरोसिनेजसारखं एन्झाइम जास्त सौम्य, फक्त त्याला ऑक्सिजन लागतो, म्हणजे तिथे हवा हवीच.

एक मात्र ध्यानात ठेवा: ऊतीवर ठेवणं आणि किल्ली फिरवणं यांच्यात थोडा अवधी द्या. शिंपलाही देतो. मूळ रूपातल्या कॅटेकॉलला पृष्ठभागावरचं पाणी बाजूला सारून जागा धरायला वेळ लागतो. जाळी ठेवल्या ठेवल्या ऑक्सिडंट दिला तर ती स्वतःतच घट्ट होते आणि ऊतीवर नुसती बसून राहते.

सुटून आलेला पृष्ठभाग वाचा

जाळी सुटली तर दोन्ही बाजू बघा. जेलचा थर ऊतीवरही उरला असेल तर पकड झाली होती, जेलच मधून फाटलं, घट्टपणा वाढवा. ऊत स्वच्छ आणि जेल अखंड असेल तर पकडच झाली नाही. मग शाबूत कॅटेकॉल किती उरला होता ते मोजा आणि ऊतीवर काय होतं ते विचारा. रक्तातला अल्ब्युमिन अमाइनने भरलेला असतो, क्विनोन आधी त्याच्याशीच जुळतो. पृष्ठभाग बफरने धुऊन फिल्टर कागदाने टिपा, कोरडा करू नका. आकडा हवा असेल तर डुकराच्या कातडीवर एएसटीएम एफ२२५५ या मानकाची लॅप-शिअर चाचणी (एकमेकांवर चिकटवलेले दोन तुकडे ओढून सोडवण्याची) लावा, पण निरीक्षण आधी. फाटण्याची जागा न बघता काढलेल्या किलोपास्कलवरून काय दुरुस्त करायचं हे कळत नाही.

पहिल्या दिवशी चिकटून दुसऱ्या दिवशी कडा उचलल्या गेल्या तर ते फुगणं आहे. जेल माध्यमात भिजवून आधी आणि नंतर वजन करा.

पेशी मरत असतील तर

नोझलच्या ताणावर खापर फोडण्याआधी तीच शाई कॅटेकॉलशिवाय, त्याच टोकातून, त्याच दाबाने छापा. त्यात पेशी जगल्या तर ताणाचा प्रश्न नाही. कॅटेकॉलचं आपोआप ऑक्सिडेशन होताना हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, हा नेहमीचा संशयित. कॅटॅलेज एन्झाइम घालून एक नमुना चालवा. जगण्याचं प्रमाण सुधारलं तर संशय खरा. माध्यमात पायरूवेट असेल तर तेही पेरॉक्साइड शोषून घेतं. म्हणून एकाच पेशी एका माध्यमात तगतात आणि दुसऱ्यात मरतात, आणि आपण गोंधळात पडतो.

प्रकाशाने घट्ट होणारी शाई

मेथॅक्रिलेट जिलेटिनमध्ये डोपामिन घातलं आणि ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात ते घट्टच होईना, ही तक्रार वेगळी वाटते, पण मूळ त्याच कॅटेकॉलमध्ये आहे. प्रकाशाने घट्ट होण्याची क्रिया ज्या अस्थिर, अतिक्रियाशील मूलकांवर चालते, ती मूलके कॅटेकॉल गिळतो. स्टायरीन साठवताना ते आपोआप जुळू नये म्हणून त्यात टर्शरी ब्युटिल कॅटेकॉलच घालतात. शिवाय शाई तपकिरी पडली की ती प्रकाशही अडवते, वरचा थर घट्ट होतो आणि तळ पातळ राहतो. इनिशिएटर (प्रकाशात ही मूलके तयार करणारं रसायन) वाढवत नेण्याने पेशींचं नुकसान होतं. मी आता आकार धरायचं काम प्रकाशाला देतच नाही. ते कॅल्शियमवर किंवा थंडाव्यावर सोपवते आणि कॅटेकॉल फक्त ऊतीला लागणाऱ्या सगळ्यात खालच्या थरात छापते. त्या एका थराची शाई शेवटी मिसळून लगेच वापरली जाते, वरच्या थरांना रंग चढायचा प्रश्नच येत नाही, आणि कार्ट्रिजही त्या एका थरापुरतंच भरावं लागतं.